रानपिंगळ्याचा क्लोज-अप: चांगला फोटो नेमका कशाला म्हणायचं?

(हे या भागाचं लेखी रूप. बोलताना जसं बोललो, बरंचसं तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका फोटोपासून सुरू होतो. फोटो माझाच आहे, आणि आता तो समोर आला की मला थोडी लाज वाटते. का, ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरच्या सुट्टीत अकोल्याला घरी आलो होतो. आम्ही तिघं मित्र पहाटे गाडी काढून अकोटमार्गे नरनाळ्याला निघालो. नरनाळा म्हणजे अकोला जिल्ह्याचा उत्तर टोकाचा डोंगरी किल्ला, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग. शहानूरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक वाळलेलं झाड होतं आणि त्याच्या शेंड्यावर, चांगल्या उन्हात, एक छोटं घुबड बसलेलं. माझ्याकडे सेकंड-हँड घेतलेला सुपरझूम कॅमेरा होता. गाडीच्या खिडकीतूनच अकरा फोटो काढले. पक्षी हलला नाही. पिवळेजर्द डोळे थेट लेन्समध्ये.

घरी येऊन त्यातला सगळ्यात शार्प फोटो निवडला. मग तो क्रॉप केला, अगदी घट्ट: फक्त दोन डोळे, चोच आणि गाल. मागची पार्श्वभूमी लोण्यासारखी मऊ. कॅप्शन टाकलं, 'मेळघाटचा रानपिंगळा'. लाइक्स धो धो आले. संध्याकाळी मावसबहिणीचा साखरपुडा होता, त्यासाठी कार्ड रिकामं हवं होतं, म्हणून कार्ड फॉरमॅट मारलं. क्रॉप केलेला फोटो फोनमध्ये होताच. मूळ फाइल कशाला ठेवायची?

दुसऱ्या दिवशी अमरावतीहून एका काकांचा फोन आला. नात्यातले नाहीत, पण सगळेच त्यांना काका म्हणतात. तीसेक वर्षं पक्षी बघतायत. म्हणाले, "बाबू, फोटो लय झकास हाय. पण पक्ष्याचं डोस्कं वरून कुठी गेलं?"

मी म्हटलं, "काका, क्रॉप केला."

"अन् पाय? अन् शेपूट?"

"तेही क्रॉपमध्ये गेलं."

"बरं. ओरिजिनल पाठव मले."

मी गप्प. काकाही जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंग हा रानपिंगळा हाय, हे तुले कसं समजलं बाप्पा?"

आजचा भाग या एका प्रश्नाबद्दल आहे. निसर्गाचा क्लोज-अप फोटो चांगला की वाईट, हे ठरवायचं कशावरून? शार्पनेसवरून? रंगांवरून? लाइक्सवरून? त्याचं उत्तर शोधताना मला एक गोष्ट सापडली. ती १८७२ मध्ये सुरू होते, तिच्यात एक मोठी चोरी आहे, आणि ती आपल्या मेळघाटापर्यंत येऊन पोचते.

सात पक्षी, सात चिठ्ठ्या

आधी पात्रांची ओळख. आपल्या गावात, शेतात, जुन्या वाड्याच्या भिंतीत जो दिसतो तो पिंगळा, म्हणजे ठिपकेवाला पिंगळा. संध्याकाळी विजेच्या तारेवर बसून चिरक्या आवाजात भांडतो तो. पहाटे कुडमुडं वाजवत येणारा पिंगळा जोशी या पक्ष्याच्याच नावाने ओळखला जातो, कारण त्याला पिंगळ्याची भाषा कळते असं लोक मानत. हा पिंगळा भरपूर आहे, त्याची चिंता नाही.

दुसरा रानपिंगळा. आकार जवळपास तेवढाच, पण तो जंगलातला. १८७२ मध्ये ब्लूइट नावाच्या माणसाने आजच्या छत्तीसगडच्या बाजूला एक पक्षी मारला आणि त्याचं कातडं अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे गेलं. होय, तेच ह्यूम, जे पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत होते. सनदी अधिकारी, पण पक्ष्यांचं प्रचंड वेड. त्यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव दिलं 'हेटेरोग्लॉक्स ब्लूइटी'. हेटेरोग्लॉक्स म्हणजे 'वेगळं घुबड'.

त्यानंतर आणखी काही नमुने मिळाले. सगळ्यात जास्त मिळाले ते खानदेशात, जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याला, तळोदा आणि शहाद्याच्या जंगलांत, १८८० नंतरच्या चार-पाच वर्षांत. शेवटचा १८८४ मध्ये. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याची कातडी किती? सात. बस्स.

तेव्हा पक्ष्यांचे फोटो काढणं जवळपास अशक्य होतं. इंग्लंडमध्ये कीअर्टन बंधूंनी घरट्याचा, त्यातल्या अंड्यांसकट, पहिला गाजलेला फोटो काढला तो १८९२ मध्ये. पुढे त्यांनी पक्ष्यांजवळ जाण्यासाठी पेंढा भरलेल्या पोकळ बैलात बसून फोटो काढले. हसू नका, खरंच. म्हणजे ह्यूमच्या काळात पुरावा एकच: मेलेला पक्षी आणि त्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी.

ही चिठ्ठी लक्षात ठेवा. त्यावर तीन गोष्टी लिहिलेल्या असायच्या: कुठे, कधी, कोणी. आपण सॉफ्टवेअरवाले त्याला मेटाडेटा म्हणू. तुमच्या फोनमधला प्रत्येक फोटो आज तेच करतो: तारीख, वेळ, लोकेशन, लेन्स, सगळं फाइलमध्ये लिहून ठेवतो. कातडं म्हणजे पिक्सेल आणि चिठ्ठी म्हणजे मेटाडेटा.

पक्षी खरा, चिठ्ठी खोटी

१८८४ नंतर रानपिंगळा कुणालाच दिसला नाही. अपवाद एकच. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहेगन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि त्यावर लिहिलं होतं की, तो १९१४ मध्ये गुजरातमधल्या मांडवीजवळ मिळाला. माइनर्ट्झहेगन हे पक्षीशास्त्रातलं फार मोठं नाव. पुस्तकांनी त्यांचं म्हणणं मान्य केलं, आणि रानपिंगळ्याची 'शेवटची नोंद' १९१४ अशी छापली जाऊ लागली.

मधल्या काळात सालिम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ली यांच्यासारख्या दिग्गजांनी शोध घेतला. हाती काही लागलं नाही. अधूनमधून कुणीतरी 'दिसला, दिसला' म्हणायचं, पण तपासलं की निघायचा साधा पिंगळा. माझ्यासारखे लोक तेव्हाही होते तर!

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या पुस्तकावर काम करत होत्या. संग्रहालयांतले नमुने तपासताना त्यांना माइनर्ट्झहेगन यांच्या संग्रहात गडबड दिसली. एक-दोन नव्हे, ढीगभर. या कर्नलसाहेबांनी दुसऱ्यांनी जमवलेले पक्षी लंडनच्या संग्रहालयातून उचलले होते, जुन्या चिठ्ठ्या काढून स्वतःच्या लावल्या होत्या.

रानपिंगळ्याच्या बाबतीत तर त्यांनी आणखी पुढची पायरी गाठली होती. कातडं पुन्हा उसवून, नव्याने भरून, शिवून ठेवलं होतं, म्हणजे जुन्या माणसाचा हात ओळखू येऊ नये. पण प्रत्येकाची कातडं भरण्याची एक पद्धत असते, जशी प्रत्येकाची कोड लिहिण्याची असते. तुम्ही व्हेरिएबलची नावं बदला, कॉमेंट काढा, तरी टीममधला माणूस बरोबर सांगतो की हा कोड कुणाचा. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी कातडं बारकाईने तपासलं, एक्स-रे काढले. आत डेव्हिडसन यांच्या पद्धतीच्या खुणा शिल्लक होत्या. तो पक्षी १९१४ चा नव्हताच. तो डेव्हिडसन यांनी खानदेशात १८८० च्या दशकात मिळवलेल्या पक्ष्यांपैकी एक होता, संग्रहालयातून चोरलेला.

बघा, इथे पक्षी शंभर टक्के खरा होता. पिसं खरी, डोळ्याच्या खोबणी खऱ्या, सगळं अस्सल. खोटी होती ती फक्त चिठ्ठी. आणि त्या खोट्या चिठ्ठीने शास्त्राला ठिकाणही चुकीचं सांगितलं आणि सालही.

२५ नोव्हेंबर १९९७

चोरी समजली तेव्हा रासमुसेन यांनी साधा हिशेब केला. मांडवीची नोंद बाद. मग उरतात फक्त खऱ्या चिठ्ठ्या. त्या जिथे नेतील तिथे जायचं. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये त्या, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट असे तिघे भारतात आले. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा पाहिल्या. काही नाही. मग खानदेशात, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी आले. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. आमच्या अकोल्यातून वाशीम वेगळा झाला तोही त्याच दिवशी.

२५ नोव्हेंबरच्या सकाळी बेन किंग यांना एका उघड्या झाडावर एक घुबड दिसलं. ११३ वर्षांनी.

आता तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं? आपण सगळे काय करतो? झूम, डोळ्यावर फोकस, खटाखट. पण या लोकांनी संग्रहालयांतली कातडी डोळ्यांखालून घातली होती. काय बघायचं, हे त्यांना पाठ होतं. ते ऐका, कारण आजच्या भागाचा गाभा इथे आहे.

साध्या पिंगळ्याच्या टाळूवर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याची टाळू जवळजवळ कोरी, एकसारखी तपकिरी. रानपिंगळ्याच्या छातीवर गडद तपकिरी पट्टा आणि खाली मधोमध पोट स्वच्छ पांढरं. शेपटीवर रुंद, ठळक पांढरे पट्टे. पाय आणि बोटं दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेली, जणू लोकरीचे मोजे घातलेत. नखं आणि चोच देहाच्या मानाने दणकट. आणि तो शेपूट इकडून तिकडे झटकतो.

त्यांनी व्हिडिओ घेतला, फोटो घेतले, आणि त्यात या खुणा दिसत होत्या. जगाने विश्वास ठेवला तो यामुळे. पक्षी मारावा लागला नाही. १८७२ मध्ये जे काम बंदूक करत होती, ते १९९७ मध्ये कॅमेऱ्याने केलं. मला वाटतं, महाराष्ट्रातल्या निसर्ग छायाचित्रणाच्या इतिहासातला हा फार मोठा दिवस आहे, आणि आपल्याला तो शाळेत कुणी सांगितला नाही.

आता माझा फोटो आठवा. डोळे, चोच, गाल. टाळू कापलेली. छाती कापलेली. शेपूट नाही. पाय नाहीत. ओळखायला लागणारी जवळजवळ प्रत्येक खूण मी स्वतःच्या हाताने काढून टाकली होती, कारण तसा फोटो 'छान' दिसत होता.

मेळघाटात

शहाद्यानंतर पुढच्या काही वर्षांत फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांच्यासारख्या अभ्यासकांनी सातपुड्याच्या रांगेत सर्वेक्षण केलं, आणि रानपिंगळा आपल्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात सापडला. मध्य प्रदेशात खकनार, कालीभीत इथे सापडला. २०१४ मध्ये तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात. आंतरराष्ट्रीय यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' होता. २०१८ मध्ये त्याचा दर्जा 'संकटग्रस्त' असा झाला, म्हणजे एक पायरी बरा. धोका टळलेला नाही.

जरा विचार करा. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या अगदी पहिल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी. म्हणजे वाघासाठी राखलेल्या जंगलात हा पक्षी पंचवीसेक वर्षं आपला आपला राहत होता, दिवसाढवळ्या सागाच्या शेंड्यावर ऊन खात बसत होता, आणि पुस्तकं म्हणत होती की तो बहुधा संपला. तिथल्या कोरकू माणसांनी तो शंभर वेळा बघितला असणार. त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता.

आणि म्हणूनच आज आपल्या सगळ्यांच्या खिशात कॅमेरा असणं ही मोठी गोष्ट आहे. धारणीच्या, चिखलदऱ्याच्या, अकोटच्या पोराने काढलेला एखादा फोटोसुद्धा नकाशावर नवा ठिपका टाकू शकतो. अट एकच: त्या फोटोत बघण्यासारखं काहीतरी उरलेलं पाहिजे.

पण सुंदर फोटो वाईट असतो का?

नाही, असं मी म्हणत नाहीये. सौंदर्याचा आणि पुराव्याचा हा झगडा जुना आहे. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात विल्सन बेंटली नावाचा शेतकरी होता. त्याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून बर्फाच्या एका पाकळीचा फोटो काढला. पुढे आयुष्यभरात पाच हजारांवर फोटो. 'प्रत्येक बर्फकण वेगळा असतो' ही कल्पना जगभर पोचली ती मुख्यतः त्याच्या फोटोंमुळे.

पण बेंटली दोन गोष्टी करायचा. एक, निगेटिव्हच्या प्रतीवर चाकूने कणाच्या भोवतालचा थर खरवडून काढायचा, म्हणजे छापताना पार्श्वभूमी काळीकुट्ट आणि कण उठून दिसायचा. दोन, तो सुबक, सहाही बाजू सारख्या असलेले कण निवडायचा. गुस्टाव हेलमान या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने त्यावर टीका केली. खरे बर्फकण बहुतेक वेळा वेडेवाकडे, मोडके असतात, आणि खरवडताना कडाच बदलली तर? बेंटलीचं म्हणणं, मी कणाला हात लावत नाही, फक्त भोवतालचं काढतो.

हे भांडण आपण रोज मोबाइलवर खेळतो. आपण फक्त बॅकग्राउंड ब्लर करतो. फक्त ती मध्ये आलेली काडी पुसतो. फक्त क्रॉप करतो. आणि हो, आपण काही न करताही फोन करतो! २०२३ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या फोनवरून वाद झाला होता. कुणीतरी मुद्दाम धूसर केलेलं चंद्राचं चित्र स्क्रीनवर लावून फोनने टिपलं, तर फोनने त्यात मूळ चित्रात नसलेले तपशील भरून दिले. चंद्राचं एक वेळ ठीक, चंद्र एकच आहे. पण फोनने पिंगळ्याच्या कोऱ्या टाळूवर आपल्या मनाने ठिपके भरले तर? किंवा 'नॉइज' समजून खरे ठिपके गुळगुळीत केले तर? एका जातीची दुसरी जात होईल.

मोठ्या आंतरराष्ट्रीय छायाचित्र संघटनांनी २०१४ च्या सुमारास निसर्ग छायाचित्रणाची एक सामाईक व्याख्या ठरवली. तिचा अर्थ असा: फोटोत काही वाढवायचं नाही, हलवायचं नाही, पुसायचं नाही. क्रॉप चालतो. तांत्रिक दर्जा चांगला हवाच, पण फोटो निसर्गाची कोणती गोष्ट सांगतो याला दिसण्यापेक्षा जास्त वजन.

आणि परीक्षकही फसतात बरं. लंडनच्या सगळ्यात प्रतिष्ठित वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ चा विजेता फोटो होता रात्री फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा. तो लांडगा बहुधा पाळलेला होता, असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला, आणि २०१० च्या जानेवारीत बक्षीस रद्द झालं. त्याच स्पर्धेत २०१७ मध्ये गौरवलेला ब्राझीलमधल्या मुंगीखाऊचा एक फोटो २०१८ मध्ये बाद झाला. तज्ज्ञांनी तो एका राष्ट्रीय उद्यानाच्या अभ्यागत केंद्रातल्या पेंढा भरलेल्या मुंगीखाऊशी ताडून पाहिला. अंगावरच्या खुणा, केसांचे पुंजके, मानेची ठेवण सगळं जुळत होतं. छायाचित्रकाराने आरोप नाकारला, पण निर्णय बदलला नाही. काय पकडलं? केसांचे पुंजके! माइनर्ट्झहेगनच्या कातड्यातल्या खुणांसारखंच. फोटोत तपशील भरपूर होता म्हणूनच तो तपासता आला.

मग फोटो बघायचा कसा?

काकांनी मला त्या फोनवर आणि नंतर वडाळी तलावावर सकाळी फिरताना जे शिकवलं, ते माझ्या भाषेत सांगतो.

पहिलं, शार्पनेस हवा, पण कुठे? आपण ऐकलेलं असतं, 'डोळा शार्प पाहिजे'. बरोबर आहे. पण क्लोज-अपमध्ये फोकसची खोली फार कमी असते. फुलपाखरू किंवा कोळी त्याच्या खऱ्या आकाराएवढा सेन्सरवर आणला, तर एफ ११ वरसुद्धा जेमतेम एक-दीड मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. छिद्र फारच बारीक केलं, तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळंच मऊ होतं. म्हणजे सगळं कधीच शार्प येणार नाही, निवड करावीच लागते. मग ओळख जिथे आहे ते निवडा. फुलपाखराचे पंख कॅमेऱ्याला समांतर धरता येतील अशा जागी तुम्ही सरका. चतुराचे पंख आणि शेपटीचं टोक बघा. पिंगळ्याची टाळू आणि पाय बघा. एक फोटो डोळ्यांसाठी, दोन ओळखीसाठी. मेमरी स्वस्त आहे हो आता.

दुसरं, भोवताल. मऊ लोण्यासारखी पार्श्वभूमी मलाही आवडते. पण साग होता की पळस? शेताचा बांध होता की जंगल? माझ्या फोटोवरून तो पक्षी नरनाळ्याचा की घरामागच्या गोठ्यावरचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

तिसरं, चिठ्ठी. तारीख, गाव, वेळ. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून गेला की हा मेटाडेटा जातो आणि तपशीलही दाबला जातो. म्हणून मूळ फाइल ठेवा, आणि पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पण दुर्मीळ पक्ष्याचं नेमकं लोकेशन सगळ्या जगाला सांगू नका. अंधश्रद्धेपोटी घुबडं आजही मारली जातात, विकली जातात. चिठ्ठी नीट लिहा आणि योग्य माणसाला द्या.

चौथं, आणि काकांच्या मते हे पहिलं: फोटो काढताना काय झालं? यावर आमचं थोडं वाजलं. मी म्हटलं, "काका, फोटोचा दर्जा फोटोत असतो. तो कसा काढला हा वेगळा विषय." ते म्हणाले, "घरट्यावर फ्लॅश मारून पिल्लाचा क्लोज-अप घेतला, माय घाबरून उडून गेली, पिल्लू मेलं. फोटो शार्प हाय. त्याले तू चांगला म्हणशील?" मी म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या... आणि वाक्य पूर्ण केलं नाही. आपल्याकडच्या पक्षी छायाचित्रणाच्या बहुतेक गटांत आणि स्पर्धांत घरट्याचे फोटो घेत नाहीत, ते यासाठीच. कीटकांना फ्रिजमध्ये ठेवून गार करणं, बेडकाला दोऱ्याने बांधणं, असे 'क्यूट' मॅक्रो फोटो आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केलेत. पुढच्या वेळी बघा: बेडूक पानाची छत्री धरतो का कधी? त्या फोटोत बेडकाची गोष्ट नाहीच, दोऱ्याची आहे.

मला अजूनही वाटतं की दर्जा आणि नीती यांत थोडा फरक आहे. काकांना वाटत नाही. तुम्ही ठरवा.

तो पक्षी कोणता होता?

आता तुम्ही विचाराल, मग तुझ्या फोटोतला पक्षी कोणता होता?

मला माहीत नाही. खरंच. गेली तीन वर्षं मी तो क्रॉप मोठा करून करून बघितलाय. कपाळाच्या अगदी वरच्या कडेला, जिथे क्रॉपची रेघ आहे, तिथे दोन-तीन फिके बिंदू दिसतात. ते ठिपके असू शकतात. जेपीईजीच्या दाबाने आलेले डागही असू शकतात. शक्यता जास्त साध्या पिंगळ्याचीच आहे, कारण तो सगळीकडे आहे. एकदा डेटा रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावून कार्ड खरवडून पाहिलं. साखरपुड्याचे चारशे फोटो त्यावर बसलेत. मावसबहिणीचे हसरे चेहरे मिळाले, पिंगळा नाही मिळाला.

मी कॅप्शन बदललं. आता तिथे लिहिलंय: 'पिंगळा. ओळख पटलेली नाही. मूळ फोटो माझ्याकडे नाही.' लाइक्स तेवढेच आहेत, लोक कॅप्शन वाचत नाहीत. पण काकांनी वाचलं. त्यांनी खाली एक अंगठा टाकला.

मागच्या डिसेंबरमध्ये आम्ही पुन्हा तोच रस्ता धरला. यावेळी काका सोबत होते. वाळलेलं झाड अजून उभं आहे. शेंड्यावर कुणी नव्हतं. अर्धा तास थांबलो, थर्मासमधला चहा संपवला. मी रिकाम्या झाडाचा एक फोटो काढला, पूर्ण झाडाचा, रस्त्यासकट. काका म्हणाले, "हा ठेव जपून. याले क्रॉप नको करू."

तर मंडळी, तुमच्या गॅलरीत असा एखादा फोटो असेल, ज्याच्या मूळ फाइलमध्ये काहीतरी बघायचं राहून गेलंय, तर आज रात्री तो शोधा. डिलीट करण्याआधी एकदा टाळू बघा, पाय बघा, शेपूट बघा. काही सापडलं तर आम्हाला कळवा, पण लोकेशन जाहीर लिहू नका.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, बघत राहा.